तीन सह्या

रात्रपाळीला आम्ही तिघी.
कागदावर.
एक मी, एक कमलाबाई कुशवाह,
एक कुणी रेखा तोमर, जिला मी कधी पाहिलं नाही.
कमलाबाई दसऱ्याला गेली, चार महिने पगार थकल्यावर.
जाताना शाल खुंटीवर ठेवून गेली,
येईन म्हणाली.

पहाटे साडेपाचला मी तिन्ही सह्या करते.
माझी सरळ.
कमलाबाईची डावीकडे कललेली, तिचा हातच तसा होता.
रेखाची मात्र मनाने ठरवावी लागली:
शेवटच्या अक्षराला लांब शेपूट, खाली एक रेघ.
ऐटबाज बाई असावी.

एकोणीस जण. दोन खोल्या, एक पडवी.
कंपूमागच्या या गल्लीत धुकं असं बसतं
की चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत,
आणि चादरी तर रोज लागतात.
सिगडीवर एकेक धरून शेकते.
मुताचा वास उठतो, ऊबदार.
त्याची आता मला किळस येत नाही.
येत नाही, याची कधीकधी येते.

मुकुंद फाळके, वय एक्केचाळीस,
रात्री दोनला भिंतीवर डोकं आपटतो.
डोकं आणि भिंत यांच्यामध्ये हात घालायचा,
एवढंच औषध.
तळवा लागला की थांबतो.
पण त्याच वेळी तस्लीमला कुशीवर वळवायचं असतं,
नाहीतर पाठ फुटते,
आणि मोठी गुड्डन फाटकाशी अनवाणी उभी,
बस आ गई? बस आ गई?
तेव्हा मी रेखाला हाक मारते.
खरंच मारते, मोठ्याने.
रेखा, जरा गुड्डनकडे बघ गं.

एकदा गुड्डन आपणहून परत आली,
पांघरुणात शिरत म्हणाली,
रेखा दीदी ने भेजा.

पौषात तपासणीचे साहेब आले.
रजिस्टर चाळलं, सह्यांवरून बोट फिरवलं,
म्हणाले, हजेरी उत्तम आहे.
मुकुंदच्या कपाळाकडे बघून विचारलं, हे कसं झालं?
मी म्हटलं, पडला.
पडला नव्हता. मी तस्लीमपाशी होते.
तेव्हाच सांगायला हवं होतं, रेखा नाही, कधीच नव्हती.
पण बाई नाही म्हटलं तर घर बंद,
घर बंद तर हे जाणार कुठे,
असं मी मला समजावलं,
तिघींच्या आवाजात.

घर तरीही बंद होतंय. सोमवारी.
अनुदान नाही, भाडं नाही, ट्रस्टच्या भाऊसाहेबांना तब्येत नाही.
सात जण दतियाला, पाच भोपाळला,
चौघांचे भाऊ येतो म्हणालेत.
तिघांच्या नावापुढे नुसती आडवी रेघ.
फॉर्मवर रकाने: नाव, वय, टक्केवारी.
मुकुंद नव्वद टक्के.
उरलेले दहा कुठे आहेत मला ठाऊक आहे.
गजक मोडल्याचा आवाज आला की तो हसतो,
तिथे आहेत.

म्हणून रात्री बसून चिठ्ठ्या लिहिल्या,
हिंदीत, ठळक अक्षरात,
आणि स्वेटरांच्या आत मानेपाशी शिवल्या.
तस्लीम: चमचा आधी गरम पाण्यात बुडवा.
गुड्डन: बस नाही म्हणू नका, उद्या आहे म्हणा.
मुकुंद: दोन वाजता. हात.
पुढे सुचेना.
कुणाचा हात?
तिथे रात्री किती जणी असतात?
असतात, की सह्याच असतात?

आज सोमवार. धुकं जरा फाटलं तसा
गच्चीवरून किल्ल्याचा एक तुकडा दिसला,
खाली डोंगरच नसल्यासारखा.
रजिस्टर उघडलं.
कमलाबाईची सही केली, कलती.
रेखाची केली, शेपूट नीट काढलं.
माझ्या ओळीवर पेन टेकवलं
तोच फाटकाची कडी वाजली,
बस आ गई?

आली होती.
मी धावले, तिच्या चपला हातात घेऊन.
ओळ तशीच राहिली.